सामन्याला जाण्यापूर्वी

श्रोतेहो, परगावी लग्नाला जावयाचे असले म्हणजे आपल्या घरांतून आठवडाभर आधी तयारी सुरू होते. गाडी कोणती, उतरावयाचे कोठे, आहेराचे पाकीट कोणाजवळ, आजींना टेकून बसता येईल अशी जागा मिळेल की नाही, परतीची गाडी किती वाजता, या साऱ्या गोष्टींची चर्चा होते, थोडे भांडणही होते आणि मग मंडळी निघतात. खेळाचा सामना पाहावयास जाताना मात्र आपण असा विचार क्वचितच करतो. खेळ म्हणजे करमणूक, आणि करमणुकीला कसली आली आहे पूर्वतयारी, अशी आपली समजूत असते. माझीही होती. ती एका हिवाळ्यात अमेरिकेत मोडली, आणि मोडताना मला बरीच महागात पडली.

आपण इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला असा की नागपूरला असा, आपल्यापैकी पुष्कळांची मुले आणि नातवंडे आज अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे आपले जाणे होते. तेथे गेल्यावर नायगारा पाहिला जातो, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहिला जातो. पण त्या घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला आजोबांबरोबर जे पाहावयाचे असते ते बहुधा निराळेच असते. माझ्या नातवाला बास्केटबॉलचा सामना पाहावयाचा होता. धंदेवाईक संघांचा, शहराच्या ऐन मध्यवस्तीतील भव्य क्रीडागारात होणारा खराखुरा सामना.

माझी मुलगी तेव्हा निराळ्या शहरात राहत होती. त्या शहराचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. सामना संध्याकाळी होता. दुपारची झोप आणि चहा आटोपल्याखेरीज घराबाहेर पडावयाचे नाही, हा माझा शिरस्ता. त्यातून बाहेरचे खाणे मला सोसत नाही, म्हणून एका मोठ्या पिशवीत दशम्या, चटणी, चहाची थर्मास-बाटली, शाल आणि एक जादा स्वेटर असा सरंजाम मी बरोबर घेतला. जावयांनी एकदा म्हणून पाहिले, की एवढी पिशवी आत नेऊ देतील असे वाटत नाही. मी म्हणालो, "म्हाताऱ्या माणसाच्या पिशवीला कोण अडवतो?" दारावर पिशवी अडवली गेली. नियम साफ लिहिलेला होता. आम्ही तो वाचला नव्हता. पिशवी ठेवून घेण्याची सोय नव्हती, आणि उशिरा निघाल्यामुळे ती मोटारीत ठेवून येण्याइतका वेळही उरला नव्हता. अखेर जावई ती पिशवी घेऊन बाहेर थंडीत उभे राहिले, आणि मी नातवाला घेऊन आत गेलो. मला खेळातले ओ की ठो कळत नव्हते. मुलगा शेजारी मुकाट्याने बसला होता, आणि मैदानाकडे पाहण्याऐवजी दर पाच मिनिटांनी मागे वळून दाराकडे पाहत होता. त्याची ती मान वळवण्याची लकब मला पुढे कित्येक दिवस आठवत राहिली.

दोन वर्षांनी मी पुन्हा गेलो. मुलीचे बिऱ्हाड आता न्यू जर्सीत होते, आणि न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन आगगाडीने सुमारे तासाभराच्या अंतरावर होते. या खेपेस मी आधी अभ्यास केला. जन्मभर गणिताची मास्तरकी केलेला माणूस मी. धड्याची टिपणे काढल्याशिवाय मी वर्गात कधी गेलो नव्हतो, मग सामन्यालाच तसा का गेलो, याची मला लाज वाटली. त्या टिपणांतीलच काही भाग आज आपणांस सांगणार आहे.

प्रथम त्या जागेविषयी. अशा क्रीडागाराला इंग्रजीत अरीना म्हणतात. हा मूळचा लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ वाळू. प्राचीन रोममध्ये झुंजीच्या रिंगणात वाळू पसरीत, तिच्यावरून जागेलाच ते नाव पडले. आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्याची सारी प्रतिष्ठा तांबड्या मातीत असते, तसेच हे. कोल्हापूरचे खासबाग मैदान ज्यांनी पाहिले असेल त्यांना अशा वास्तूची कल्पना सांगावी लागणार नाही: मध्ये हौदा, आणि भोवताली चढत गेलेली बैठक, जेणेकरून शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पेच दिसावा.

मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या नावाची मात्र एक गंमत आहे. ही वास्तू मॅडिसन स्क्वेअर या चौकात नाही, आणि ती बागही नाही. त्या नावाची पहिली इमारत १८७९ साली खरोखरच त्या चौकाशेजारी उभी होती. तिच्या जागी १८९० साली दुसरी आली. ती स्टॅनफर्ड व्हाइट या नामांकित वास्तुशिल्पज्ञाची कृती होती. १९२५ साली तिसरी इमारत बरीच दूर, आठव्या ॲव्हेन्यूवर ४९ आणि ५० क्रमांकांच्या रस्त्यांच्या दरम्यान बांधली गेली, आणि हल्लीची चौथी इमारत ११ फेब्रुवारी १९६८ रोजी उघडली. जागा बदलली, नाव तेच राहिले. एखादे पुणतांबेकर कुटुंब चार पिढ्या पुण्यात राहिले तरी त्याचे आडनाव काही बदलत नाही, त्यातलाच हा प्रकार.

ही चौथी इमारत ज्या ठिकाणी आहे त्यामागे एक दुःखद हकीकतही आहे. तेथे १९१० साली बांधलेले पेनसिल्व्हेनिया स्टेशन होते. मोठमोठे दगडी खांब आणि काचेची उंच छते यांमुळे ते साऱ्या अमेरिकेत वाखाणले जाई. १९६३ साली ते पाडावयास सुरुवात झाली. रूळ आणि फलाट जमिनीखाली होते तसेच राहिले, आणि वर हे वर्तुळाकार क्रीडागार उभे राहिले. लोकांना त्या नुकसानीची इतकी हळहळ वाटली, की १९६५ साली न्यूयॉर्क शहराने जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी कायदा करून स्वतंत्र आयोग नेमला. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र या साऱ्याचा एक मोठा लाभ आहे. आगगाडीतून उतरावे, जिना चढावा, की आपण क्रीडागाराच्या दाराशी उभे. खाली गाड्या धावत आहेत आणि वर वीस हजारांच्या आसपास माणसे सामना पाहत आहेत, असे दृश्य जगात फार ठिकाणी आढळणार नाही. बास्केटबॉलच्या सामन्यास येथे १९,८१२ प्रेक्षक बसू शकतात.

आता खेळाविषयी. ज्याला खेळ कळत नाही त्याने कितीही चांगल्या जागेचे तिकीट काढले तरी व्यर्थ, हे मी स्वानुभवाने सांगतो. पण हा खेळ कळावयास अवघड नाही. १८९१ सालच्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने तो शोधून काढला. बाहेर बर्फ, मैदानी खेळ बंद, आणि बंद खोलीतील कवायतीला विद्यार्थी कंटाळलेले. त्याने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ पाडले आणि तेरा नियम लिहून भिंतीला लावले. तो सज्जा दहा फूट उंच होता. म्हणून आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही ते लोखंडी कडे बरोबर दहा फुटांवरच असते. एका सज्जाच्या उंचीने जगभरच्या खेळाडूंची उंची ठरवली, असे म्हटले तर वावगे होणार नाही. आरंभी टोपल्यांना बूड असे, आणि चेंडू आत पडला की तो वर चढून काढावा लागे.

हल्ली प्रत्येक बाजूस पाच खेळाडू असतात. मैदान ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद असते. सामना बारा-बारा मिनिटांच्या चार भागांत होतो. जवळून चेंडू टाकला तर दोन गुण, एका ठरावीक कमानीबाहेरून टाकला तर तीन, आणि प्रतिपक्षाने नियमभंग केल्यामुळे मिळालेल्या मोकळ्या फेकीचा एक. सहा वैयक्तिक नियमभंग झाले की खेळाडू बाद. एवढे भांडवल आरंभाला पुरेसे आहे.

परंतु माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला जी गोष्ट सर्वांत आवडली ती चोवीस सेकंदांची. १९५० सालच्या सुमारास हा खेळ फार रटाळ झाला होता. आघाडीवर असलेला संघ चेंडू आपल्याकडेच खेळवीत वेळ काढी. २२ नोव्हेंबर १९५० रोजी झालेल्या एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून अवघे ३७ गुण झाले: फोर्ट वेनचे १९ आणि मिनियापोलिसचे १८. प्रेक्षक कंटाळून घरी बसू लागले. तेव्हा सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी एक साधा हिशेब मांडला. रंगलेल्या सामन्यात एकेक संघ सुमारे साठ वेळा चेंडू कड्याकडे टाकतो. दोन्ही मिळून एकशेवीस. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. २,८८० ला १२० ने भागले की उत्तर येते २४. म्हणून १९५४ पासून असा नियम झाला, की चेंडू हाती आल्यावर चोवीस सेकंदांच्या आत तो कड्याकडे टाकलाच पाहिजे. प्रत्येक कड्याच्या वर एक लहान घड्याळ असते, त्यात हे चोवीस सेकंद उलटे मोजले जातात. श्रोतेहो, तिसरी-चौथीतल्या मुलाला सुटेल असा हा भागाकार, पण त्याने एक मरू घातलेला खेळ वाचवला. नवख्या प्रेक्षकाने बाकी सारे विसरून नुसते ते घड्याळ पाहिले, तरी सामन्याची नाडी त्याच्या हाती येते.

यानंतर प्रश्न येतो तो दिवस ठरवण्याचा. अमेरिकेतील या मुख्य स्पर्धेत तीस संघ आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. त्यांतले निम्मे घरच्या क्रीडागारात, निम्मे परगावी. त्यानंतर निवडक संघांच्या बाद फेऱ्या जूनपर्यंत चालतात. मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे १९४६ साली स्थापन झालेल्या निक्स संघाचे घर. तिकिटांचे दर रोज सारखे नसतात. शनिवार-रविवार, नाताळचे दिवस, किंवा एखाद्या प्रसिद्ध खेळाडूचा संघ पाहुणा असला की दर चढतात. आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी, फारसा गाजावाजा नसलेल्या संघाविरुद्ध, ते उतरतात. ज्याला खेळ पाहावयाचा आहे, मिरवावयाचे नाही, त्याने मंगळवार-बुधवार धरावा. ऑक्टोबरात मुख्य स्पर्धेपूर्वी सरावाचे सामने होतात, तेही पुष्कळदा स्वस्त पडतात. न्यूयॉर्कमध्ये दुसराही एक संघ आहे. पूर्वी न्यू जर्सीचा असलेला नेट्स संघ २०१२ पासून ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये खेळतो, आणि तेही क्रीडागार रेल्वेच्या स्थानकालगतच आहे.

पण आपल्यापैकी बरेच आईवडील अमेरिकेत जातात ते उन्हाळ्यात, आणि तेव्हा पुरुषांचे सामने बहुधा संपलेले असतात. म्हणून निराश होण्याचे कारण नाही. स्त्रियांच्या धंदेवाईक संघांची स्पर्धा मे महिन्यापासून उन्हाळाभर चालते. न्यूयॉर्कचा लिबर्टी हा संघ १९९७ पासून खेळत आहे. आरंभीची अनेक वर्षे तो मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच खेळे, हल्ली तो ब्रुकलिनमध्ये खेळतो, आणि २०२४ साली त्याने अजिंक्यपद मिळवले. ज्यांच्या नाती चेंडू घेऊन अंगणात खेळतात त्यांनी हा सामना मुद्दाम पाहावा.

तिकीट घेताना दोन पथ्ये पाळावीत. ते संघाकडून किंवा संघाने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. रस्त्यावर उभे राहून स्वस्तात तिकीट देऊ करणाऱ्या सज्जनाला लांबूनच नमस्कार करावा. आणि पैसे भरण्यापूर्वी आसनांचा नकाशा नीट पाहावा. खालच्या वर्तुळातील विभागांना शंभरांतील आकडे आहेत, वरच्या वर्तुळाला दोनशेंतील. अगदी खाली मैदानालगतच्या खुर्च्या धनिकांसाठी आणि चित्रपटसृष्टीतील मंडळींसाठी. त्यांची किंमत ऐकून आपण कानांवर हात ठेवावेत. पण फार जवळून खेळ समजतोच असे नाही. थोडे उंचावरून, मैदानाच्या लांब बाजूकडे तोंड करून बसले, तर दहाही खेळाडूंच्या हालचाली पटावरील सोंगट्यांप्रमाणे दिसतात. छतापासून लोंबकळणारे दोन लांब पूल २०११ ते २०१३ या काळातील नूतनीकरणात बांधले गेले. त्यांच्यामुळे वरच्या काही मागील रांगांतून मध्यभागी टांगलेला गुणफलक अडतो, हेही ध्यानात असू द्यावे. गुडघे दुखणाऱ्याने वाटेलगतची कडेची खुर्ची घ्यावी, कारण वरच्या वर्तुळातील पायऱ्या उभ्या चढणीच्या आहेत. चाकांच्या खुर्चीची गरज असेल तर ते तिकीट घेतानाच सांगावे, दारात गेल्यावर सांगू नये. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय तेथे चालत नाही.

आता प्रवास. मॅनहॅटनच्या मध्यवस्तीत मोटार नेणे म्हणजे विकतचे दुखणे. ती उभी करण्यास जे पैसे पडतात त्यांत एखादे साधे तिकीट येऊ शकेल. न्यू जर्सीतील एडिसन किंवा मेट्रोपार्क या ठिकाणी आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे, आणि तेथून निघणारी आगगाडी थेट पेनसिल्व्हेनिया स्टेशनात येते. लाँग आयलंडची गाडीही तेथेच येते. शहरातल्या शहरात भुयारी रेल्वेने यावयाचे असेल, तर सातव्या ॲव्हेन्यूखाली १, २ आणि ३ क्रमांकांच्या गाड्या आहेत, आणि आठव्या ॲव्हेन्यूखाली ए, सी आणि ई या अक्षरांच्या. सामना बहुधा साडेसातच्या सुमारास असतो. आपण पाच-साडेपाचपर्यंत शहरात पोचावे. आठव्या ॲव्हेन्यूच्या पलीकडे जुन्या टपाल कचेरीच्या भव्य इमारतीत जानेवारी २०२१ मध्ये प्रवाशांसाठी एक काचेच्या छताचे प्रशस्त दालन उघडले आहे. ते पाहिले की १९६३ साली काय गमावले याची थोडी कल्पना येते. भूक लागली असेल आणि पायांत बळ असेल, तर सुमारे वीस-पंचवीस मिनिटे पूर्वेकडे चालत लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूला जावे. २८ व्या रस्त्याच्या आसपास भारतीय उपाहारगृहांची रांगच आहे. तेथे पोटभर डोसा खाऊन परत यावे. कारण क्रीडागारात बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, आणि आतले खाणे महाग असते.

दारावरील व्यवस्थेविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकतो. मोठी पिशवी न्यावयाची नाही. तिकीट कागदी नसते, भ्रमणध्वनीत असते. तेव्हा तो घरून निघताना पूर्ण भारून घ्यावा, आणि सर्वांची तिकिटे एकाच्याच यंत्रात असतील तर त्या माणसाला गर्दीत दृष्टीआड होऊ देऊ नये. एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येत नाही. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून आदल्या दिवशी क्रीडागाराची ताजी सूचना वाचावी. हिवाळ्यात बाहेर हाडे गोठतात आणि आत उकडते. एक जाड डगला घालण्यापेक्षा अंगावर दोन-तीन पातळ कपडे असावेत, म्हणजे काढलेले मांडीवर घेऊन बसता येते. दरवाजे साधारणपणे तासभर आधी उघडतात. तो तासभर वाया जात नाही. खेळाडू सरावाला येतात, आणि मुलांना ते दृश्य सामन्याइतकेच प्रिय असते.

आत गेल्यावर एक गोष्ट मी नातवाला सांगितली आणि तो चकित झाला. आपण ज्या लाकडी मैदानाकडे पाहत आहोत त्याच्याखाली बर्फ असू शकतो. याच क्रीडागारात रेंजर्स नावाचा बर्फावरील हॉकीचा संघ खेळतो. त्याच्या सामन्यानंतर बर्फ वितळवीत बसत नाहीत. त्यावर जाड आच्छादन घालून वर लाकडी तक्ते जोडतात आणि काही तासांत बास्केटबॉलचे मैदान सिद्ध होते. आपल्या नाट्यगृहांतून दुपारच्या आणि रात्रीच्या प्रयोगांमध्ये नेपथ्य बदलणाऱ्या रंगमंच-कामगारांचीच ही जातकुळी. नाव त्यांचे कोणी घेत नाही, आणि त्यांच्यावाचून पडदा वर जात नाही.

त्या संध्याकाळी आगगाडीत मी नातवाला आणखी एक हकीकत सांगितली. १९७० सालचा अंतिम झगडा. निक्स आणि लॉस एंजलिसचा लेकर्स यांचे तीन-तीन विजय झालेले. निक्सचा कर्णधार विलिस रीड पाचव्या सामन्यात मांडीचा स्नायू दुखावून पडला होता, आणि सहावा सामना खेळू शकला नव्हता. ८ मे १९७० रोजी, याच इमारतीत, सातवा सामना. रीड खेळणार की नाही कोणास ठाऊक नव्हते. खेळाडूंचा सराव चालू असताना तो लंगडत बाहेर आला, आणि सारे प्रेक्षागार उठून उभे राहिले. सामना सुरू होताच त्याने पहिले दोन प्रयत्न अचूक साधले. नंतर त्याला एकही गुण मिळवता आला नाही. त्याच्या नावावर अवघे चार गुण आहेत. ३६ गुण मिळवले ते वॉल्ट फ्रेझरने. निक्सने तो सामना ११३ विरुद्ध ९९ असा जिंकला, आणि लोकांच्या स्मरणात राहिला तो चार गुणांचा रीडच. माझा नातू हल्लीच्या खेळाडूंची नावे पाढ्यासारखी म्हणून दाखवतो, पण ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. ती मी मराठीत सांगत होतो. त्याला मराठी कळते, बोलताना मात्र तो अडखळतो. गोष्ट संपल्यावर तो माझ्या गुडघ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण लंगडता." मी म्हटले, "हो, पण मला टाळ्या कोणी देत नाही." त्याने तेथल्या तेथे दिल्या.

परतीचा विचारही जाण्यापूर्वीच करावा. घड्याळात ४८ मिनिटांचा असला, तरी मधल्या विश्रांती धरून सामना सव्वादोन ते अडीच तास चालतो, म्हणजे आटोपण्यास दहा वाजतात. त्या वेळी गाड्या तुरळक होतात. पेनसिल्व्हेनिया स्टेशनात फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्यापूर्वी थोडाच वेळ आधी लागतो, आणि मग सारी गर्दी एका जिन्याकडे धावते. वृद्ध आणि मुले बरोबर असतील, तर एक गाडी सोडून पुढच्या गाडीने जावे. पण ती पुढची गाडी किती वाजता आहे, हे सकाळीच कागदावर लिहून खिशात ठेवावे.

हा खेळ आपल्याला अगदीच परका आहे असे मात्र समजू नका. ज्या संस्थेच्या व्यायामशाळेत तो जन्मला त्याच वाय. एम. सी. ए. ने तो भारतात आणला. मुंबईच्या नागपाड्यात तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीला इंडियाना आणि सॅक्रामेंटो या अमेरिकन संघांचे दोन सामने झाले, आणि पहिल्या दिवशी प्रेक्षागार शाळकरी मुलांनी भरले होते. त्यांतली काही मुले आज मैदानावर असतील.

श्रोतेहो, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आम्ही चौघे एका रांगेत बसलो होतो: मुलगी, जावई, नातू आणि मी. आमच्याजवळ पिशवी नव्हती. पाहुण्या संघाकडे चेंडू गेला की चारी बाजूंनी "डिफेन्स, डिफेन्स" असा घोष उठे, आणि कड्यावरच्या घड्याळात आकडे उतरू लागत. मी सवयीने मराठीत मोजू लागलो: दहा, नऊ, आठ. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस शेजारून आणखी एक आवाज आला: सात, सहा, पाच. उच्चार थोडे वाकडे होते. त्याने एकदाही मागे वळून दाराकडे पाहिले नाही. त्या रात्री कोण जिंकले ते मला सांगता येईल, पण ते आपण नातवालाच विचारलेले बरे. माझे लक्ष घड्याळाकडे होते.